'सॅम्पल लहान आहे' हे शेवटी लिहा

एखादा पेपर वाचून त्यावर टीका लिहा असं सांगितलं, की पहिलं वाक्य काय येणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. 'अभ्यास चांगला आहे, पण सॅम्पल साइझ लहान आहे.' पेटच्या मुलाखतीत हेच, जर्नल क्लबमध्ये हेच, सिनॉप्सिसच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही हेच. या वाक्याची सोय अशी, की ते लिहायला पेपर वाचावाच लागत नाही. गोषवाऱ्यातला आकडा बघायचा, तो तीसच्या खाली निघाला की झाली टीका.

हे वाक्य दरवेळी चूक असतं असं नाही. पण ते चुकीच्या जागी येतं. ते पहिलं लिहिलं की त्याआधी विचारायचा प्रश्न राहूनच जातो. तो प्रश्न असा: संशोधकाने काहीच केलं नसतं, तर हा आकडा आपोआप कुठे गेला असता?

आपण मोजतो ती गोष्ट बहुतेक वेळा एका जागी स्थिर बसलेली नसते. घड्याळ पुढेमागे होतं. आजार वाढतो, ओसरतो. मूल मोठं होतं. माणूस तीच परीक्षा दुसऱ्यांदा देताना सरावलेला असतो. या आपोआप होणाऱ्या बदलाला मी इथे सरसकट 'ड्रिफ्ट' म्हणणार आहे. हा शब्द घड्याळवाल्यांचा आहे, पण दवाखान्यातही तितकाच उपयोगी पडतो.

आज मी तीन जुने आणि लहान अभ्यास शेजारी ठेवणार आहे. एकात चार घड्याळं, दुसऱ्यात सात माणसं, तिसऱ्यात तीस रुग्ण. एक अणुघड्याळांचा, दोन कानाचे. 'सॅम्पल लहान' हा शेरा तिघांवर सारखाच मारता येतो. पण तिघांची लायकी सारखी नाही, आणि ती का नाही हे आकडे मोजून कळत नाही. भौतिकशास्त्र किंवा कान, यातलं काही तुमचं क्षेत्र नसेल तरी बिघडत नाही. मुद्दा तुलनेचा आहे.

चार घड्याळं, दोन दिशा

ऑक्टोबर १९७१. जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सिझियमची चार अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवली. एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. घड्याळांसाठी रीतसर सीटची तिकिटं काढली होती. परत आल्यावर ती वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ताडून पाहिली. निकाल १९७२ च्या जुलैमध्ये 'सायन्स'मध्ये लागोपाठ दोन लेखांत आला. एका लेखात सापेक्षतेनुसार काय व्हायला हवं त्याचा हिशोब, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दिसलं ते.

हिशोबात दोन गोष्टी होत्या. उंचावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून तिथलं घड्याळ थोडं पुढे पळतं. आणि वेगात असलेलं घड्याळ मागे पडतं. पण वेग कशाच्या तुलनेत? जमीन स्वतःच पूर्वेकडे फिरतेय. पूर्वेकडे जाणारं विमान त्या वेगात आपला वेग मिळवतं, पश्चिमेकडे जाणारं वजा करतं. म्हणून पूर्वेच्या फेरीत घड्याळ एकूण मागे पडायला हवं आणि पश्चिमेच्या फेरीत बरंच पुढे जायला हवं. भाकीत होतं पूर्वेला उणे ४० (अधिक-उणे २३) नॅनोसेकंद आणि पश्चिमेला अधिक २७५ (अधिक-उणे २१). दिसलं उणे ५९ (अधिक-उणे १०) आणि अधिक २७३ (अधिक-उणे ७).

आता टीका करू. चारच घड्याळं, तेही एकेकदाच फिरवलेली. पण खरी अडचण याहून मोठी आहे. त्या काळची ही फिरती घड्याळं स्वतःच तासाला काही नॅनोसेकंद पुढेमागे व्हायची, आणि हा दर मधूनच बदलायचाही. तासाला पाच धरले तरी साठ तासांत तीनशे झाले. म्हणजे जे शोधायचं आहे तितकाच, किंवा त्याहून मोठा, आपोआप होणारा बदल. ज्या लुई एसनने १९५५ मध्ये जॅक पॅरीबरोबर पहिलं चालणारं सिझियम घड्याळ बांधलं, त्याने पुढे याच प्रयोगावर जाहीर टीका केली, ती घड्याळांच्या स्थिरतेबद्दलच होती. ती टीका हवेतली नव्हती. कच्चे आकडे बघितले तर घड्याळं आपापसात बरीच विस्कटलेली होती. एकमेकांशी जुळणारे आकडे दुरुस्तीनंतरचे आहेत.

मग हा प्रयोग टिकतो कसा? दोन कारणांनी, आणि दोन्ही आराखड्यातली आहेत.

पहिलं. चार घड्याळं म्हणजे चार नमुने नव्हेत, ती एकमेकांची साक्षीदार आहेत. प्रवासभर ती एकमेकांशी ताडली जात होती. एकाचा दर मधेच बदलला तर उरलेल्या तिघांच्या तुलनेत ते लगेच उघडं पडतं, आणि तेवढाच बदल वजा करता येतो. एकट्या घड्याळाने हे कधीच कळलं नसतं. दोन असती तर कोणीतरी चुकतंय एवढं कळलं असतं, कोण ते नाही.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. विमानातली थरथर, तापमान, हाताळणी यांनी घड्याळं बिघडत असतील, तर ती दोन्ही फेऱ्यांत साधारण सारखीच बिघडतील. घड्याळाला दिशा कळत नाही. सापेक्षतेला मात्र दिशा कळते, तिथे चिन्हच उलटं होतं. म्हणून दोन फेऱ्यांतली वजाबाकी करा. भाकिताप्रमाणे फरक ३१५ नॅनोसेकंद, दिसलेला ३३२. दोन्ही फेऱ्यांत सारखा असलेला बिघाड या वजाबाकीत गळून पडतो.

दोष आहेतच, आणि लिटरेचर रिव्ह्यूत ते नेमके लिहायला हवेत. ड्रिफ्टची दुरुस्ती नंतर केली, आणि करणाऱ्यांना अपेक्षित उत्तर माहीत होतं. पूर्वेचा 'अधिक-उणे १०' हा चार घड्याळांच्या दुरुस्त आकड्यांतला विखुरलेपणा आहे. दुरुस्तीची पद्धतच थोडी चुकली असेल तर चारही आकडे एकत्र सरकतील, आणि तो दहाचा आकडा त्याबद्दल काहीच बोलणार नाही. म्हणून 'सापेक्षता अचूक सिद्ध झाली' असं या पेपरावरून म्हणता येत नाही. 'परिणाम आहे, चिन्ह बरोबर आहे, आकार साधारण बरोबर आहे' एवढंच म्हणता येतं. अचूकपणा पुढे आला. १९७६ मध्ये हायड्रोजन मेसर घड्याळ रॉकेटने सुमारे दहा हजार किलोमीटर वर पाठवून हाच परिणाम साधारण दहा हजारांत एक इतक्या अचूकतेने तपासला गेला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या प्रयोगशाळेत दोन ॲल्युमिनियम आयन घड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर उचललं, आणि त्याचाही फरक दिसला. घड्याळांच्या दरातल्या फरकावरून काढलेली उंची आली ३७ सेंटिमीटर, अधिक-उणे १५. तिथेही नमुने दोनच. त्यावर 'सॅम्पल लहान' लिहून दाखवा बरं.

सात माणसं, आणि तीही निवडक

दुसरा पेपर जुलै १९९१ च्या 'नेचर'मधला, जेमतेम तीन पानांचा. ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांचा. आजच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये आवाजावर जी प्रक्रिया होते, तिच्या बऱ्याच पद्धतींचं मूळ या पेपरात आहे.

इम्प्लांट म्हणजे काय ते थोडक्यात. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, तारेसारखी इलेक्ट्रोडची माळ सरकवतात. बाहेरचा प्रोसेसर आवाज घेऊन त्याचे उंच-खालच्या स्वरांप्रमाणे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा एकेका इलेक्ट्रोडला देतो. ती वीज थेट श्रवण-मज्जातंतूला जागं करते. त्या वेळच्या एका प्रचलित पद्धतीत सगळ्या इलेक्ट्रोडना एकाच वेळी सलग लहरी दिल्या जायच्या. कॉक्लियात द्रव आहे, वीज त्यात पसरते, त्यामुळे शेजारच्या इलेक्ट्रोडचे प्रवाह एकमेकांत मिसळायचे. एकाच वेळी सहा जण बोलल्यावर जे होतं तेच. विल्सन यांच्या गटाने प्रत्येक इलेक्ट्रोडला छोटे ठोके द्यायला सुरुवात केली आणि ते पाळीपाळीने दिले. एकाचा ठोका चालू असताना दुसरा गप्प.

प्रयोग सात जणांवर झाला. सातही इम्प्लांटचे अनुभवी वापरकर्ते, आणि जुन्या पद्धतीत ज्यांची कामगिरी उत्तम होती असेच मुद्दाम निवडलेले. निष्कर्ष: नव्या पद्धतीने सातही जणांचे बोलणं ओळखण्याचे गुण चांगलेच वाढले.

इथे हात शिवशिवतात ना? 'सॅम्पल सातच, वर सिलेक्शन बायस.' वर्गात ही टीका टाळ्या घेऊन जाईल. पण आपला प्रश्न विचारा. काहीच केलं नसतं, तर या सात जणांचे गुण आपोआप कुठे गेले असते?

खाली. एखाद्या परीक्षेत सगळ्यात वरचे निवडून त्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तर सरासरी थोडी उतरते. कारण वर येणाऱ्यांत काही जण खरंच हुशार असतात आणि काहींचा त्या दिवशी नशिबाने हात दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी हुशारी शिल्लक राहते, नशीब नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. शिवाय जे आधीच वर आहेत त्यांना वर जायला जागा कमी. आणि सराव? जुन्या प्रोसेसरची त्यांना रोजच्या वापराची सवय, नव्याची ओळख प्रयोगशाळेतल्या काही तासांची. म्हणजे निवड, जागा आणि सराव हे तिन्ही प्रवाह नव्या पद्धतीच्या विरुद्ध वाहत होते, आणि तरी सातपैकी सात जण वर गेले. दोन्ही पद्धती सारख्याच असत्या तर सातही जणांचा कौल नव्या पद्धतीच्याच बाजूला पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. नाणं सात वेळा उडवून सातही वेळा छापा येण्याइतकी.

म्हणून इथे 'सिलेक्शन बायस' हा शब्द अर्धाच बरोबर आहे. निवडीत कल आहे, पण तो दाव्याच्या विरुद्ध दिशेला आहे. टीका करताना 'बायस आहे' एवढं लिहून थांबू नका, तो कुठल्या बाजूला ढकलतो तेही लिहा. दाव्याच्या विरुद्ध ढकलणारा कल असूनही निकाल आला, तर दावा पक्का होतो.

निवडीची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. उत्तम कामगिरीच्या सात जणांवरून, ज्यांना इम्प्लांटचा जेमतेम फायदा होतो त्यांना काय मिळेल हे सांगता येत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलाबद्दल तर नाहीच नाही. संगीताबद्दलही नाही. आणि आंधळी चाचणी इथे शक्य नव्हती, दोन पद्धतींचा आवाज वेगळा लागतो, ऐकणाऱ्याला फरक कळणारच. थोडक्यात, 'नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे का' याला हा पेपर भक्कम उत्तर देतो. 'कोणाला किती' याला देत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाला सॅम्पल लहान आहे. पहिल्याला नाही.

औषधावाचून खोकला

आता प्रवाह उलटा करू. मेनिएरचा आजार. आतल्या कानातला एंडोलिम्फ नावाचा द्रव वाढून तिथे फुगवटा येतो. अचानक गरगरतं, मळमळतं, कान दडपतो, आवाज येत राहतो, ऐकणं कमी-जास्त होतं. झटका तासन् तास राहू शकतो. रस्त्यात, बसमध्ये, शिडीवर कधीही येईल या भीतीने माणूस घराबाहेर पडायचं टाळतो. या द्रवाला वाट करून द्यावी म्हणून एंडोलिम्फची पिशवी उघडून शंट बसवायची शस्त्रक्रिया अनेक वर्षं होत आली, आणि शस्त्रक्रियेआधी व नंतर झटके मोजले की बहुतेक रुग्ण सुधारलेले दिसायचे.

काहीच केलं नसतं तर? हा प्रश्न १९८९ मध्ये सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी विचारला. ज्यांना शस्त्रक्रिया सुचवली होती पण ज्यांनी ती नाकारली, अशा रुग्णांचं पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलं. दोन वर्षांनी ५७ टक्के रुग्णांची गरगर पूर्ण थांबलेली होती. आठ वर्षांहून थोड्या जास्त काळाने ७१ टक्क्यांची. औषधावाचून खोकला गेला म्हणतात तो असा. (इथेही टीका करा: नाकारणारे मुळात सौम्य आजाराचे असू शकतात. तरीही एवढा मोठा आपोआप बदल डोळ्यांआड करता येत नाही.)

यामागचं कारण विल्सनच्या बरोबर उलट आहे. मेनिएरचे झटके थव्याने येतात, मग लांब शांतता. माणूस शस्त्रक्रियेला कधी तयार होतो? सगळ्यात वाईट महिन्यांत. म्हणजे निवड तळाची होते, आणि तळाच्या पुढे बहुधा चढच असतो. त्या चढाच्या सुरुवातीला जे काही कराल ते यशस्वी ठरेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. विशेष म्हणजे, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची १९९५ ची मोजणीची पद्धतच अशी होती, की उपचाराआधीचे सहा महिने आणि उपचारानंतरचे अठरा ते चोवीस महिने यांतल्या झटक्यांचं गुणोत्तर काढायचं. सगळ्यांचे अहवाल एकाच मापाने यावेत हा हेतू चांगलाच. पण तुलनेचा गट नसेल तर हे माप ड्रिफ्टला उपचाराच्या खात्यात जमा करतं.

म्हणून १९८१ चा डेन्मार्कमधला अभ्यास महत्त्वाचा. थॉमसन आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्ण घेतले. १५ जणांची खरी शंट शस्त्रक्रिया, १५ जणांचं फक्त कानामागचं हाड कोरलं, पिशवीला हात लावला नाही. कोणाचं काय केलं हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. रुग्णांनी आधीचे तीन महिने आणि नंतरचं वर्षभर लक्षणांची रोजनिशी लिहिली. दोन्ही गटांत साधारण ७० टक्के रुग्ण सुधारले. लेखकांचा निष्कर्ष: सुधारणा प्लासिबोची.

हा पेपर सहसा 'शस्त्रक्रियेचं बिंग फुटलं' अशा सुरात सांगितला जातो. मी तसं लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. तीन गोष्टी बघा.

एक, दोन्ही गट सुधारले यात प्लासिबो किती, आजार स्वतःहून ओसरला तो किती, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी काहीच न केलेला तिसरा गट लागला असता. लेखकांनी सगळं श्रेय प्लासिबोला दिलं, ते जास्तच झालं.

दोन, हाड कोरणं म्हणजे 'काहीच नाही' नव्हे. त्यानेही कानात काही बदल होत असतील हा आक्षेप घेतला गेला, आणि तो गंभीर आहे.

तीन, इथे अखेर आपलं आवडतं वाक्य लागू पडतं. 'फरक दिसला नाही' हा निष्कर्ष काढायला १५ विरुद्ध १५ हे सॅम्पल खरोखर लहान आहे. समजा एका गटात ५० टक्के सुधारतात आणि दुसऱ्यात ८०. एवढा ढळढळीत फरकही भरवशाने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ४० जण लागतात. म्हणूनच हेच आकडे पुढे पुन्हा तपासले गेले. २००० मध्ये वेलिंग आणि नागराजा यांनी तेच आकडे घेऊन दाखवलं, की गरगर आणि मळमळ यांत शंटचा गट सरस आहे. एकच तक्ता, दोन उलट निष्कर्ष. नंतर कॉक्रेनच्या आढाव्यात अशा शस्त्रक्रियेवरचे निकषात बसणारे दोनच अभ्यास सापडले, आणि निर्णय देण्याइतका पुरावा नाही असा शेरा आला.

या आजाराच्या गोळ्यांचीही तीच कथा आहे. आपल्याकडे चक्कर म्हटलं की सर्रास दिली जाणारी बीटाहिस्टीन. जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने तिचा अभ्यास झाला, निकाल २०१६ मध्ये आला. एक गट प्लासिबोचा, एक रोज ४८ मिलिग्रॅमचा, एक १४४ चा. तिन्ही गटांत झटके कमी झाले, आणि तिघांत फरक दिसला नाही. प्लासिबो गट नसता तर हाच अभ्यास 'गोळीने झटके कमी झाले' म्हणून छापून आला असता. (हे वाचून घरातल्या कोणाच्या गोळ्या बंद करू नका. एका अभ्यासावरून एका माणसाचा निर्णय होत नाही, तो डॉक्टरांशी बोलून घ्यायचा.)

तिन्ही शेजारी

चार घड्याळं: ड्रिफ्ट परिणामाइतका मोठा, पण आराखड्यात तो गळून पडायची सोय. म्हणून चार पुरली, निदान 'परिणाम आहे का' एवढ्यापुरती.

सात माणसं: ड्रिफ्ट दाव्याच्या विरुद्ध. म्हणून सात पुरली, 'सरस आहे का' एवढ्यापुरती.

तीस रुग्ण: ड्रिफ्ट दाव्याच्या बाजूने आणि प्रचंड. तुलनेचा गट ठेवून लेखकांनी तो उघडा पाडला, हे त्यांचं मोठं काम. पण उरलेला फरक मोजायला तीस कमी पडले.

आणि चौथा प्रकार, ज्याचा पेपर मी इथे घेतला नाही कारण तो ढिगाने मिळतो: शेकडो रुग्ण, ड्रिफ्ट दाव्याच्या बाजूने, तुलनेचा गट नाही. तिथे सॅम्पल मोठं असल्याने फायदा होत नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त ठामपणे मिळतं. पी-व्हॅल्यू सुंदर येते आणि ती ड्रिफ्टची असते.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये

हे सगळं दुसऱ्यांच्या पेपरांपुरतं राहिलं तर उपयोग नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतात, मुंबईतली अली यावर जंग संस्था त्यासाठी नोडल संस्था म्हणून काम बघते. तुम्हाला अशा मुलांच्या वाचा-उपचारावर काम करायचंय. तुम्ही लिहिता: ३ ते ५ वर्षांची २५ मुलं, सहा महिने थेरपी, आधी चाचणी, नंतर चाचणी, पेअर्ड टी-टेस्ट.

समितीत कोणीतरी म्हणेल, पंचवीस कमी आहेत, चाळीस करा. तुम्ही कराल. पण सहा महिन्यांत मूल सहा महिन्यांनी मोठं झालं, इम्प्लांटची सवय सहा महिन्यांनी वाढली, घरचे बोलत राहिले, बालवाडी सुरू झाली. गुण वाढणारच. चाळीस केले तरी वाढणार, चारशे केले तरी वाढणार. तुमच्या थेरपीबद्दल काय कळलं? काही नाही.

'पण थेरपी न देणारा गट ठेवायचा तर ते अन्यायाचं होईल.' बरोबर आहे, ठेवूच नका. हाफेले-कीटिंग आठवा. त्यांनीही घड्याळांचा ड्रिफ्ट थांबवला नव्हता, दिशा उलटवून तो वजा केला होता. तुम्ही निम्म्या मुलांना पहिले तीन महिने 'स'वर काम द्या आणि उरलेल्या निम्म्यांना 'र'वर, मग अदलाबदल करा. दोन्ही ध्वनी दर महिन्याला सगळ्यांचे मोजा. वय वाढल्याचा परिणाम दोन्ही ध्वनींवर, दोन्ही गटांत दिसेल. थेरपीचा परिणाम ज्या ध्वनीवर काम चालू आहे तिथेच आधी दिसायला हवा. कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. गुण देणाऱ्याला गट सांगू नका, रेकॉर्डिंग ऐकवा. ध्वनी निवडताना मात्र जपून. 'ळ' आणि 'ण' घेतलेत तर दोन्ही मूर्धन्य, एकावरचं काम दुसऱ्याला लागू पडेल आणि फरक पुसला जाईल. एकाही मुलाची थेरपी बुडाली नाही, मुलं पंचवीसच राहिली, आणि प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता तयार झाली.

आता पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा या क्रमाने चार ओळी लिहा. काहीच न करता आकडा कुठे गेला असता? तो दाव्याच्या बाजूने गेला असता की विरुद्ध? लेखकांनी तो वेगळा काढायला नेमकं काय केलं? आणि एवढं झाल्यावर जो फरक उरतो, तो दिसायला किंवा नाकारायला हे सॅम्पल पुरतं का?

चौथी ओळ लिहिताना 'सॅम्पल लहान आहे' असंच म्हणावं लागेल, असं बऱ्याचदा होईल. खुशाल म्हणा. पण त्यापुढे कुठल्या प्रश्नासाठी लहान, आणि साधारण किती हवे होते, हे दोन शब्द जोडा. मुलाखतीत समोरचे खुर्चीत सरसावून बसतील, आणि पुढचा प्रश्न तुम्हाला खरोखर विचार करायला लावणारा येईल. त्याची तयारी ठेवा.